धार्मिकता आणि अध्यात्म

धर्माने सांगितलेला आचार पाळणे म्हणजे धार्मिकता. स्वतःच्या अंतर्यामाचा शोध घेणे आणि त्यानुसार वृत्ती पालटणे म्हणजे अध्यात्म. पूजा, उपवास, सण, यात्रा हे धार्मिकतेचे अंग चारचौघांत दिसते. अध्यात्म सहसा वागणुकीवरूनच ओळखावे लागते.

व्युत्पत्ती : ‘धर्म’ हा शब्द ‘धृ’ (धारण करणे) या धातूपासून आला आहे. ‘अध्यात्म’ म्हणजे आत्म्यासंबंधीचे. भगवद्‌गीतेच्या आठव्या अध्यायात अध्यात्माची व्याख्या ‘स्वभाव’ अशी केली आहे.

विचारपरंपरा : अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1902 च्या ग्रंथात संस्थात्मक धर्म आणि व्यक्तीचा धर्मानुभव वेगळे मानले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. वारकरी परंपरेत माळ, एकादशी, वारी हा आचार आहेच. पण संतांनी त्याचा कस रोजच्या धंद्यात लावला. अरणचे सावता माळी मळ्यातच रमले आणि विठ्ठलच त्यांच्या भेटीला आला, अशी आख्यायिका आहे. देहूचे तुकाराम वाणी होते. कर्जखतांचा आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, असे परंपरा सांगते.

बाजारातील रूप : नवी मुंबईतील एपीएमसी मार्केट म्हणजे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे त्याचे पाच बाजार आहेत. हंगामातील हापूसची पहिली पेटी आली की तिची पूजा होते. दिवाळीत लक्ष्मीपूजन होते. हा भाग धार्मिकतेचा. मात्र गाळ्यावर उदबत्तीनंतर काटा लागतो. माल पाठवणारा शेतकरी पुष्कळदा शंभर-दोनशे कोसांवर असतो. वजन, भाव, हमाली, तोलाई यांचा हिशेब त्याला आडत्याने (माल विकून देणाऱ्या दलालाने) लिहिलेल्या पट्टीवरूनच, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरूनच, कळतो. तो समोर नसतानाही पट्टी खरी लिहिणे, हा आडत्याच्या अंतःकरणाचा प्रश्न ठरतो. पूजा सर्वांसमक्ष होते. पट्टीचा खरेपणा मात्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतो.

संबंध आणि मर्यादा : दोन्ही परस्परविरोधी असतातच असे नाही. आचारामुळे मनाला शिस्त लागू शकते, तसाच तो वृत्तीतली उणीव झाकायलाही वापरता येतो. उलट, कोणताही आचार न पाळणारा माणूसही काट्यावर प्रामाणिक असू शकतो. पण ‘मी आध्यात्मिक आहे’ एवढे म्हटल्याने कुणाचे माप पुरे भरत नाही. मराठीत वजनातल्या लबाडीला ‘मापात पाप’ म्हणतात. काट्याच्या चुकीसाठी धर्माचा शब्द वापरणाऱ्या या बोलीत दोहोंची सांगड आधीच घातलेली आहे.