हसण्याच्या कोपऱ्यात क्रूस

पेपर हातात आला की बरेच वाचक अग्रलेखाआधी कार्टून बघतात. आम्हा पत्रकारांना कितीही झोंबलं तरी हे खरं आहे. म्हणूनच त्या चार चौकटींत चित्रकाराने स्वतःचा धर्म आणला की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रकरण अमेरिकेतलं आहे.

जॉनी हार्ट यांनी १७ फेब्रुवारी १९५८ ला 'बी. सी.' ही चित्रपट्टी सुरू केली. गुहेत राहणारी माणसं, बोलणाऱ्या मुंग्या, सगळी धमाल. बी. सी. म्हणजे ख्रिस्तपूर्व. १९८० च्या दशकात हार्ट अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती झाले आणि मग गंमत बघा, ख्रिस्ताच्या आधीची ही माणसं ईस्टर-नाताळला ख्रिस्ताबद्दल बोलायला लागली! हजाराहून जास्त पेपरांत ही पट्टी छापली जायची. १९९६ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने त्यांची एक धार्मिक पट्टी अडवली, तेव्हा श्रद्धाळू वाचक चिडले.

खरा भडका उडाला १५ एप्रिल २००१ च्या पट्टीवरून. त्या दिवशी ईस्टर होता आणि ज्यूंच्या वल्हांडण सणाचाही शेवटचा दिवस. हार्टनी मेनोरा काढला होता, म्हणजे ज्यूंचा सात फांद्यांचा दिवा. क्रूसावरच्या येशूच्या शेवटच्या उद्गारांबरोबर एकेक ज्योत विझत जाते, फांद्या गळतात आणि शेवटी उरतो तो क्रूस.

ज्यू संघटनांनी लगेच आक्षेप घेतला. यहुदी धर्म संपला आणि त्याची जागा ख्रिस्ती धर्माने घेतली, असा अर्थ त्यातून निघतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ही शिकवण युरोपात शतकानुशतकं दिली गेली आणि तिच्या सावलीत ज्यूंनी काय भोगलं, हे जगाला माहीत आहे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात बेने इस्रायली पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत शेजारी राहिले, त्यामुळे ही दुखरी नस आपल्याला कळायला हरकत नाही. हार्ट म्हणाले, मला दोन्ही धर्मांचा सन्मानच करायचा होता, कोणी दुखावलं असेल तर माफी मागतो. काही पेपरांनी पट्टी गाळली, अनेकांनी छापली.

मग कार्टूनमध्ये श्रद्धा आणूच नये का? तसं मला वाटत नाही. 'पीनट्स'वाले चार्ल्स शुल्झ बघा. त्यांचा लायनस हा पोरगा येता-जाता बायबलमधले दाखले देतो. डिसेंबर १९६५ मध्ये याच पात्रांचा नाताळचा कार्यक्रम टीव्हीवर आला, त्यात लायनस लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा भाग म्हणून दाखवतो. टीव्हीवर बायबल नको, अशी कुरकुर झाली होती. शुल्झ हटले नाहीत. पुढे तो कार्यक्रम वर्षानुवर्षं दाखवला गेला. हाच लायनस दरवर्षी भोपळ्याच्या शेतात 'ग्रेट पम्पकिन' नावाच्या देवाची वाट बघत बसतो. तो देव कधीच येत नाही! आंधळ्या भक्तीवर शुल्झनी इतक्या मायेने हसून घेतलं. 'फॅमिली सर्कस'चे बिल कीन कॅथलिक होते. त्यांच्या पट्टीतली लहान मुलं प्रार्थना करतात आणि वारलेले आजोबा वरून घराकडे बघत असतात. त्यात कोणाला दुखावण्यासारखं काय आहे?

फरक इथेच आहे. 'माझा यावर विश्वास आहे' असं सांगायला चार चौकटी पुरतात. 'तुमचा दिवा विझला' असं दुसऱ्याला सांगायला निघालात, की तेवढ्या जागेत खुलासा मावत नाही आणि समोरच्याला उत्तर द्यायला पाचवी चौकट नसते.

संपादकाचंही काम आहेच. रविवारच्या पट्ट्या पेपरांकडे कितीतरी आधी येऊन पडतात. वाद दिसत असेल तर छापा आणि शेजारी दुसरी बाजू द्या. नसेल छापायची तर वाचकाला कारण सांगा. गुपचूप गाळली की दोन्हीकडचे शिव्या घालतात, हा आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव आहे.

हार्ट ७ एप्रिल २००७ ला गेले. घरी, काम करत असताना. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण पेपर सगळ्या घरांत जातो, त्यात मेनोरा लावणारंही एक घर असतं.

त्या रविवारी तुम्ही संपादक असता तर काय केलं असतं? छापली असती की नाही, कारणासकट लिहा.