वही आपली, हिशेबही आपण पाहायचा

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे पेटवले. राग कागदावर होता. अंगठा कुणब्याचा, पण हिशेब सावकाराच्या हातात. किती फेडलं, किती उरलं, कळायला मार्गच नव्हता.

सरकारनं चौकशी नेमली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पैसे भरले की पावती, वर्षाचा हिशेब, पासबुक, हे हक्क त्यात लिहिले गेले. कोर्टही कर्जाचा मागचा हिशेब तपासू लागलं.

आज ती वही संगणकात आहे. सिबिलसारख्या कंपन्या आपल्या कर्जाची नोंद ठेवतात. मायक्रोफायनान्सचा हप्ताही तिथं दिसतो. फेडलेलं कर्ज थकीत दिसलं, तर म्हशीसाठीचं नवं कर्ज अडतं. म्हणून आपण वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागायचा. चूक दिसली तर पावती जोडून तक्रार करायची. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेच्या सेवेत खोट असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं.

खरी थकबाकी मात्र कुणी एजंट पैसे घेऊन पुसू शकत नाही. ती फेडूनच नोंद हळूहळू सुधारते.

सुप्याच्या शेतकऱ्यांना जी वही दिसत नव्हती, ती आपल्याला मागता येते. गटाच्या पुढच्या बैठकीत मागूया.