जाते, ओवी आणि घरची ओढ

'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण आपण सहसा टंगळमंगळ करणाऱ्याला कामाला लावण्यासाठी वापरतो. काम हाती घेतले की पुढचे आपोआप सुचत जाते, एवढाच अर्थ मीही तिच्यातून काढीत असे. रिसोड तालुक्यातील एका खेड्यात गेल्या वर्षी जे पाहिले, त्यानंतर मात्र ती मला शब्दशः खरी वाटू लागली.

त्या घरातील आजीबाई नव्वदीच्या आसपासच्या. दोन-अडीच वर्षांपासून स्मृती गेलेली. पोटच्या मुलालाही त्या 'तुम्ही कोण?' म्हणून विचारीत. पुण्याला नोकरी करणारी नात सुटीत आली होती. ती मोबाइलवर जुनी गाणी लावून आजीच्या उशाशी ठेवी. आजीबाई ऐकत, पण चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. मी घरभेटीला गेलो त्या दिवशी सून पावसाळ्यापूर्वीची पडवी आवरीत होती. कोपऱ्यातले जाते अडचण करते म्हणून तिने आणि नातीने ते ओढून उजेडात आणले. आजीबाई खाटेवरून उठल्या, एक पाय लांब करून जात्यासमोर बसल्या आणि त्यांनी खुंट्याला हात घातला. रिकामे जाते घरघरू लागले आणि पाठोपाठ ओवी आली. एकामागून एक पाच-सहा ओव्या त्यांनी न अडखळता म्हटल्या. त्यांत पैनगंगेपलीकडचे माहेर होते, भावाचे नाव होते. मग हात थांबला. सुनेकडे पाहून त्यांनी विचारले, "आला का वं माहा भाऊ?"

भाऊ जाऊन तीस वर्षे झाली होती. त्या संध्याकाळपर्यंत रडत राहिल्या. निघताना नातीने मला विचारले, "फादर, हे चांगलं झालं की वाईट?" माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. परत आल्यावर या विषयावरची पुस्तके पुन्हा काढली, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे.

१६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहान्नेस होफर या एकोणीस वर्षांच्या वैद्यक विद्यार्थ्याने एक प्रबंध सादर केला. परमुलखात शिकायला, चाकरीला किंवा सैन्यात गेलेल्या तरुणांची झोप उडते, अन्न जात नाही, ताप चढतो आणि घरी पाठविल्याखेरीज ते बरे होत नाहीत, असे त्याने नोंदविले. या दुखण्याला नाव देण्यासाठी त्याने 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडले आणि 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडविला. कवींच्या हाती हा शब्द पुष्कळ नंतर आला. जन्माला आला तो रोगाचे नाव म्हणून. १७१० मध्ये त्या प्रबंधाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात आल्प्स पर्वतातील गुराखी गाई वळताना जी धून आळवीत, तिचे स्वरलेखन जोडलेले होते. कारण ती कानी पडताच हा रोग उसळतो, असे मानले जाई. रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात तर लिहून ठेवले आहे की, ही धून ऐकताच स्विस सैनिक रडत, पळून जात किंवा झुरून मरत; म्हणून पलटणीत ती वाजविण्यास देहान्त शासनाच्या धाकाने बंदी होती. शिक्षेची गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल. पण रूसोने पुढे जे म्हटले आहे ते मोलाचे आहे. परक्या माणसावर या धुनेचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे सामर्थ्य सुरांत नाही. ते सूर ऐकणाऱ्याच्या गतायुष्याची खूण बनलेले असतात.

अमेरिकेच्या यादवी युद्धातही (१८६१-६५) उत्तरेच्या लष्करी डॉक्टरांनी या रोगाचे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदविले होते. पुढे हळूहळू तो वैद्यकातून बाहेर पडला आणि आज मानसशास्त्र त्याला एक भावना मानते. २००६ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे विल्डशुट व सेडिकिडीझ यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, माणूस एकटा किंवा खिन्न असला की त्याला गतकाळ आठवतो, आणि त्या आठवणीने आपण कोणाचे तरी आहोत ही जाणीव बळावते. जे दुखणे मानले गेले ते काही अंशी औषधही आहे. मराठीत आपण या भावनेला 'स्मरणरंजन' म्हणतो. हा शब्द मला कधीच पटला नाही. त्यात रंजन आहे, पण होफरने आवर्जून घातलेली वेदना गळून गेली आहे. आपल्या बायकांच्या तोंडचा 'माहेरची ओढ' हा शब्दप्रयोग कितीतरी नेमका आहे.

होफरने वर्णिलेले रुग्ण बहुतेक परगावी गेलेले तरुण. आपल्याकडे पूर्वी नऊ-दहा वर्षांची प्रत्येक मुलगी एका सकाळी परक्या घरी जाई आणि बहुधा तिथेच आयुष्य काढी. तिच्या झुरण्याला कोणा वैद्याने रोग म्हटले नाही की त्यावर प्रबंध लिहिला नाही. तिला पहाटेचा काळोख, जाते आणि ओवी एवढेच मिळाले. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ११२९ च्या संस्कृत ग्रंथात आहे. तेव्हा हा आसरा किमान नऊशे वर्षांचा. साने गुरुजींनी १९४० मध्ये 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या संग्रहित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संस्थेतर्फे २०१७ पासून त्या लोकांपुढे येत आहेत. तोवर घरोघरची जाती थांबली होती. गिरणीने बायकांच्या मानेवरचे एक जू उतरविले, याबद्दल मला तिळमात्र खंत नाही. पहाटे तीनला उठून ज्वारी दळण्यात काव्य आहे, असे दळणाऱ्या कोणी म्हणत नसत.

पण मोबाइलवरच्या गाण्याने जे झाले नाही ते जात्याने का झाले? १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच अधिक आठवले, काठावर पाठ केलेले काठावर. २०२१ मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा मात्र तसा फरक आढळला नाही. तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. दुसरी गोष्ट अधिक भरवशाची आहे. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंतचा काळ माणसाला उतारवयात सर्वांत ठळक आठवतो, गाणीही त्याच वयातली. कॅलिफोर्नियातील पेट्र जनाटा यांनी २००९ मध्ये दाखविले की, ओळखीचे गाणे आणि त्याला चिकटलेली आठवण यांची गाठ मेंदूच्या कपाळामागील एका भागात पडते. स्मृतिभ्रंशात हा भाग तुलनेने उशिरा झिजतो. आजीबाईंचे तर गाणे कानांपेक्षाही हातात साठलेले होते.

आपल्या ख्रिस्ती साहित्याचा आरंभही याच ओढीतून झाला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले; इंग्लंड त्यांना पुन्हा दिसले नाही. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच प्रसंग आहे की, सासष्टीतील एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना म्हटले, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? फादरांनी १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण छापून दिले. आशय नवा; छंद मात्र लोकांच्या कानात आधीच वसलेला.

हे सर्व मी सेमिनरीत शिकलो होतो. मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, हा १९६३ चा व्हॅटिकन परिषदेचा आदेशही परीक्षेत लिहिला होता. तरीही नवा धर्मगुरू असताना एका लग्नाच्या आदल्या रात्री ओव्या म्हणत बसलेल्या बायकांना मी थांबविले आणि पुस्तकातील गीते म्हणायला लावली. त्यांनी ती म्हटली, खालच्या मानेने. त्यांतल्या किती जणी आज हयात आहेत, मला ठाऊक नाही.

पुढच्या महिन्यात त्या खेड्यात पुन्हा गेलो. नात पुण्याला परतली होती. जाते आत न नेता पडवीतच भिंतीशी मांडलेले होते आणि शेजारी सुपात मूठभर ज्वारी होती. सून म्हणाली, रोज सकाळी अर्धा तास बसतात, गातात, मग भावाची विचारपूस करतात. मी विचारले, "तुम्ही काय सांगता?"

"येतो म्हणला, म्हणून सांगतो, फादर. मंग जेवतेत."

मी त्या उत्तराला हरकत घेतली नाही.