तळटीप : ‘द मिरॅक्युलस क्युअर’

गंभीर नाटकानंतर करायचे इंग्रजी प्रहसन. ३० जुलै १७९६ रोजी सिडनीत रॉबर्ट सिडवेच्या नाट्यगृहात ‘जेन शोर’ या शोकांतिकेबरोबर ते जाहीर झाले होते. सिडवे माफी मिळालेला कैदी, धंद्याने पाववाला. नटसंचातही स्त्री-पुरुष कैदीच. गॅलरीचा दर एक शिलिंग, पण वसाहतीत रोकड फार कमी. त्यामुळे तेवढ्या किमतीचे पीठ, मांस किंवा दारूही दारावर घेत. या खेळाचे हँडबिल हा ऑस्ट्रेलियात छापलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना कागद. तो कॅनडात एका चिकटवहीत सापडला. वसाहतीतल्या रंगभूमीचा आरंभ म्हणून अभ्यासक नेहमी ‘द रिक्रूटिंग ऑफिसर’ या नाटकाचा १७८९चा प्रयोग उद्धृत करतात. पण तो राजाच्या वाढदिवसाचा प्रसंग होता. तिकीट लावून चालणारी रंगभूमी सिडवेनेच उभारली, आणि ते श्रेय त्याला द्यायलाच हवे. — संपा.