समन्तकूटावरील श्रीपाद : पूजा, वाट व उत्पन्न

सिंहलद्वीपाच्या मध्य डोंगराळ मुलखाच्या नैर्ऋत्य कडेस, रत्नपुरापासून ईशान्येकडे, सुमारे ७,३६० फूट उंचीचें एक सुळक्यासारखें शिखर आहे. पालि ग्रंथांत त्यास समन्तकूट किंवा सुमनकूट म्हणतात. सिंहली लोक श्रीपाद म्हणतात. तमिळ शैव त्यास शिवनोळिपादमलै, म्हणजे शिवाच्या तेजोमय पावलाचा डोंगर म्हणतात. आणि अरबी व युरोपी लेखकांनीं तें आदमचें शिखर म्हणून जगास परिचित करून दिलें. माथ्यावरील शिलेंत सुमारे पुरुषभर लांबीची, पावलाच्या आकाराची एक खोलगट आकृति आहे. ती बौद्धांस बुद्धाची, शैवांस शिवाची व मुसलमानांस आदमची वाटते. पोर्तुगीज त्या बेटांत आल्यावर ती सेंट थॉमसची असावी असाहि एक तर्क निघाला व दिओगो दो कोउतो ह्या त्यांच्या इतिहासकारानें तो नमूद केला.

एका पाषाणापुढें इतक्या धर्मांचे लोक नम्र होतात, हें पाहून धर्मसलोख्याचें उदाहरण म्हणून ह्या पर्वताचें नांव वारंवार घेतलें जातें. तें खोटें नाहीं. परंतु सलोखा म्हणजे नेमकें काय, तो कोणीं राखला, आणि कोठें मोडला, हें सांगितल्याशिवाय नुसती स्तुति इतिहासाच्या कामाची नाहीं. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, श्रीपादावर पूजा पुष्कळ काळ सामायिक होती. तंटा होता तो अधिकाराचा व उत्पन्नाचा. आणि ह्या दोन गोष्टींची फोड माहात्म्यग्रंथांवरून होत नसून वाट, अन्नछत्रें व इनाम गांवें यांच्या लेखांवरून होते.

प्रथम नांवाविषयीं. महावंसाच्या पहिल्याच परिच्छेदांत दोन निराळ्या कथा आहेत. पहिलींत समन्तकूटावर राहणाऱ्या सुमन नांवाच्या देवास बुद्धानें आपले केश दिले. दुसरींत बुद्धानें तिसऱ्या सिंहलयात्रेंत ह्या पर्वतावर आपलें पाऊल उमटविलें. म्हणजे बौद्ध ग्रंथकारांच्याच सांगण्याप्रमाणें बुद्ध येण्यापूर्वीं डोंगरास धनी होता. तोच देव पुढें सिंहली भाषेंत समन झाला आणि आजहि तो त्या प्रांताचा रक्षक मानला जातो. परणवितान ह्या सिंहली पुरातत्त्वज्ञानें इ. स. १९५८ मध्यें ह्या देवाचें मूळ यमांत शोधलें. अमरकोशांत यमाच्या नांवांत ‘शमन’ हें एक आहे, हें संस्कृतज्ञांस सांगावयास नकोच. व्युत्पत्ति मोहक आहे. तथापि महावंसांत सुमन हा दीक्षा घेणारा सौम्य देव आहे, त्यांत यमाचें एकहि लक्षण दिसत नाहीं, आणि केवळ ध्वनिसाम्यावर दैवत बदलणें आम्हांस धाडसाचें वाटतें. जुन्या डोंगरदेवास न हांकलतां बौद्धांनीं त्यास आपला उपासक केलें, एवढें मात्र निश्चित. पुढील सर्व सलोख्याची ही पहिली पायरी होय.

पाचव्या शतकाच्या आरंभीं सिंहलांत दोन वर्षें राहिलेल्या फा-हियान ह्या चिनी भिक्षूनें बुद्धाच्या दोन पावलांची हकीकत दिली आहे. एक राजनगराच्या उत्तरेस व दुसरें पर्वताच्या माथ्यावर. इ. स. ८५१ च्या अरबी वृत्तांतांत हेंच शिखर अल्-रहून ह्या नांवानें येतें व पाऊल आदमचें ठरतें. एक पाय डोंगरावर व दुसरा समुद्रांत, असें तें वर्णन आहे. मार्को पोलोनें दोन्ही मतें शेजारीं शेजारीं मांडलीं : सारासेन लोक येथें आदमची कबर आहे असें म्हणतात, मूर्तिपूजक शाक्यमुनीची म्हणतात. तेराव्या शतकांत वेदेह थेरानें ‘समन्तकूटवण्णना’ हें पालि काव्य केवळ ह्या पर्वतासाठीं रचलें. पंधराव्या शतकाच्या आरंभीं चिनी आरमाराबरोबर आलेला मा हुआन हा तर आणखी पुढें जातो. तो स्वतः मुसलमान. त्यानें पाऊल आदमचें म्हटलें आणि लगेच आदम म्हणजेच चिनी लोकांचा आदिपुरुष पान-कू असें जोडून दिलें! अशा जुळणीस विद्वत्ता लागत नाहीं, प्रवास लागतो.

ह्या सर्व साक्षींत सर्वांत मोलाची साक्ष इब्न बतूता ह्या मोरोक्कोच्या प्रवाशाची आहे. तो इ. स. १३४४ मध्यें पुत्तळमच्या बाजूस उतरला. तेथें त्यास आर्यचक्रवर्ती हा तमिळ राजा भेटला. आपली एकच इच्छा, ती आदमच्या पावलाचें दर्शन घेण्याची, असें त्यानें राजास सांगितलें. राजानें पालखी दिली व सोबतीस माणसें दिलीं. ह्या सोबत्यांची यादी वाचकांनीं नीट पाहावी : दर वर्षीं पावलाच्या यात्रेस जाणारे चार जोगी, तीन ब्राह्मण, राजाच्या पदरचे दहा असामी, आणि शिधा वाहणारे पंधरा जण. शैव राजा मुसलमान फकिरास बौद्ध देशांतील पर्वतावर पाठवितो, आणि वाट दाखविण्यास जोगी देतो. माथ्यावर जाण्याच्या दोन वाटा त्यानें सांगितल्या आहेत, एक बाबाची, म्हणजे आदमची, व दुसरी मामाची, म्हणजे हव्वेची. आपल्या कानांस हा ‘मामा’ शब्द चमत्कारिक लागेल. पण येथें त्याचा अर्थ आई असा आहे. मामाची वाट सोपी. तिनें उतरावें, परंतु चढतांना तिनें गेल्यास यात्रा घडली असें मानीत नसत. कड्यावर हातांनीं धरून चढण्यासाठीं लोखंडी साखळ्या होत्या, व त्यांपैकीं दहावीस इस्लामी कलम्याची साखळी म्हणत. पावलाजवळ खडकांत नऊ खळगे असून मूर्तिपूजक यात्रेकरू त्यांत सोनें, माणकें व मोतीं ठेवीत. चिनी लोकांनीं पूर्वीं अंगठ्याचा भाग कापून आपल्या झैतून शहरीं नेला, असेंहि तो म्हणतो. संग्राहकांचा हा रोग जुना दिसतो.

त्याच वृत्तांतांत आणखी एक महत्त्वाची नोंद आहे. मुसलमानांस ही वाट प्रथम शीराझच्या अबू अब्दुल्ला इब्न खफीफ ह्या दहाव्या शतकांतील अवलियानें मोकळी केली, आणि तेव्हांपासून येथील लोक मुसलमान फकिरांस घरांत घेतात व आपल्याबरोबर जेवूं घालतात; हिंदुस्थानांतील लोक तसें करीत नाहींत, असें तो स्पष्ट म्हणतो. इब्न खफीफची हत्तींची कथा चमत्काराची आहे, ती सोडून द्यावी. पाहुणचाराची गोष्ट मात्र त्यानें स्वतः अनुभवलेली आहे.

आतां तंट्याकडे वळूं. चूळवंसाच्या शेवटच्या भागांत सीतावकाचा राजा पहिला राजसिंह (इ. स. १५८१–१५९३) याची हकीकत आहे. त्यानें बापास मारिलें. पापाचें क्षालन होईल काय असें भिक्षूंस विचारलें. त्यांनीं होणार नाहीं असें सांगितलें. शैवांनीं होईल म्हणून सांगितलें. तेव्हां राजानें शैव पंथ धरला आणि सुमनकूटाचें उत्पन्न शैव साधूंस देऊन टाकलें. पुढें कांडीच्या कीर्तिश्री राजसिंहानें (इ. स. १७४७–१७८२) अंगास राख फांसणाऱ्या ह्या साधूंकडून तें स्थान काढून घेतलें व कुट्टापिटिय गांव जोडून देऊन बौद्ध संघाच्या स्वाधीन केलें.

ही कथा पुष्कळांनीं जशीच्या तशी उतरविली आहे. परंतु साक्षीदार कोण, हें पाहिलें पाहिजे. चूळवंसाचा हा भाग कीर्तिश्रीच्याच कारकीर्दींत, त्याच्याच आश्रयाखालील भिक्षूनें लिहिला. ज्या राजानें स्थान परत दिलें त्याच्या स्तुतीसाठीं ज्यानें तें घेतलें त्यास काळा रंग देणें क्रमप्राप्तच होतें. शैव हे उपरे, राजसिंहानें आणून बसविलेले, असा जो ग्रह ह्या कथेवरून होतो, तो इब्न बतूताच्या चार जोग्यांपुढें टिकत नाहीं. राजसिंहाच्या अडीचशें वर्षें आधीं जोगी दर वर्षीं ती वाट चालत होते. राजसिंहानें पूजा बदलली नाहीं. उत्पन्नाचा धनी बदलला. आणि गंमत अशी कीं, ज्या कीर्तिश्रीनें तें बौद्धांस परत दिलें तो स्वतः मदुरेच्या बाजूच्या नायक्कर घराण्यांतला, जन्मानें शैव कुळांतला होता. आपल्याकडील देवस्थानांचीं दफ्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. बडवे, गुरव, पुजारी यांचे तंटे देवाविषयीं क्वचित्, दक्षिणेविषयीं बहुधा.

सर्वांत जुना ठोस पुरावा मात्र आंबगमुव येथील शिलालेखाचा. चोळांस घालवून पोलोन्नरुव येथें राज्य करणारा पहिला विजयबाहु (मृत्यु इ. स. १११०) यानें तो सिंहली भाषेंत कोरविला. पावलाच्या दर्शनास जाणाऱ्यांचे हाल पाहून वाटेवर त्यांच्या अन्नाची सोय लावली आणि जमिनी तोडून दिल्या, अशी त्यांत नोंद आहे. चूळवंसहि गिलीमलय हें गांव त्यानें यात्रेकरूंसाठीं दिल्याचें सांगतो. पुढें निःशंकमल्ल (इ. स. ११८७–११९६) स्वतः माथ्यापर्यंत गेला, व शिखराजवळील भगवालेन गुहेंत त्याचा लेख आहे. तेराव्या शतकांत दुसऱ्या पराक्रमबाहूच्या देवपतिराज नांवाच्या अमात्यानें आजच्या गम्पळाच्या बाजूनें रस्ता काढून नद्यांवर पूल बांधले, आणि माथ्यावर पावलाबरोबर सुमनदेवाचाहि मान राखला. वाट, पूल व शिधा यांवर कोणाचें नांव घ्यावें असा निर्बंध नव्हता. इब्न बतूतास जी वाट सांपडली ती ह्या राजांनीं व अमात्यांनीं घडविलेल्या यात्रेची होती.

परंतु त्याच आंबगमुव लेखांत एक ओळ आहे, तिच्याकडे सलोख्याचे स्तुतिपाठक सहसा पाहत नाहींत. हीन जातीच्या लोकांस पावलाची पूजा करतां यावी म्हणून राजानें वरच्या गच्चीखालीं निराळी गच्ची बांधविली, असें तींत आहे. लेख उपकाराच्या भाषेंत आहे, आणि राजाच्या मनांत उपकारच असेल. ज्यांस कोठेंच उभें राहूं देत नसत त्यांस त्यानें जागा दिली. तथापि ती जागा खालीं होती. ज्या धर्मानें जातीस आधार दिला नाहीं त्याच्या सर्वांत पवित्र शिखरावर, राजाज्ञेनें, दगडांत कोरून, उंच व नीच अशा दोन पातळ्या ठरविल्या गेल्या. दोनअडीच शतकांनीं शीराझच्या अवलियाचे अनुयायी ह्याच माथ्यावर साखळी धरून चढत होते. परधर्मीयांची तेथें अडचण नव्हती. अडचण होती ती घरच्यांची. पंढरपुरीं महाद्वारासमोर चोखोबांची समाधि जेथें आहे ती जागा पाहिलेल्या व इ. स. १९४७ चें साने गुरुजींचें उपोषण ठाऊक असलेल्या महाराष्ट्रीय वाचकास ही खालची गच्ची समजण्यास टीप लागूं नये.

यात्रा आजहि मार्गशीर्षी पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत भरते, आणि बहुतेक लोक रात्रीं चढून माथ्यावर सूर्योदय पाहतात. एकोणिसाव्या शतकांत चहाच्या मळ्यांवर आलेल्या तमिळ मजुरांमुळें शैव यात्रेकरूंची जुनी वाट पुन्हां गजबजली. जो जितक्या वेळां चढला असेल तितके ठोके त्यानें माथ्यावरील घंटेस द्यावयाचे, अशी तेथें चाल आहे.

शेवटीं एका शिळेचा उल्लेख करणें जरूर आहे. ती पर्वतावरची नव्हे, पण मा हुआन ज्या चिनी आरमारांतून आला त्याच आरमाराची आहे. गालें बंदरांत ती इ. स. १९११ मध्यें सांपडली व आतां कोलंबोच्या संग्रहालयांत आहे. तिजवर इ. स. १४०९ चा लेख चिनी, तमिळ व फारसी अशा तीन भाषांत कोरला आहे. चिनी भागांत दानें बुद्धास, तमिळ भागांत तेनवरै नायनार ह्या विष्णुरूप देवास, आणि फारसी भागांत इस्लामाच्या नांवानें दिलीं आहेत. सोनें, रुपें, रेशीम, धूपपात्रें व तेल यांच्या याद्या तिन्हींत जवळजवळ सारख्याच आहेत. एका दात्यानें तीन देवांस समान दान दिलें, आणि प्रत्येक भाषेच्या वाचकास आपल्याच देवाचें नांव दिसावें अशी योजना केली. हा लेख उजेडांत आला तेव्हां ती शिळा रस्त्याखालच्या मोरीवर झांकण म्हणून बसविलेली होती.