ऑगस्ट : महिना आणि विशेषण

ऑगस्ट हा शब्द मराठी घरांत दिनदर्शिकेमुळें परिचित झालेला आहे. परंतु इंग्रजींत हाच शब्द विशेषण म्हणूनहि वावरतो, आणि तेव्हां त्याचा अर्थ होतो थोर, भारदस्त, ज्याच्यापुढें आदरानें मान लवावी असा. महिन्याच्या नांवांत आघात पहिल्या अवयवावर पडतो, विशेषणांत दुसऱ्यावर. कान सावध असला म्हणजे दोहोंतील फरक कळतो.

दोघांचें घराणें रोमचें. ख्रिस्तपूर्व २७ मध्यें तेथील सिनेटनें ऑक्टेव्हियनला ‘ऑगस्टस’ ही पदवी अर्पण केली. राजा हें नांव रोमन लोकांस खपणारें नव्हतें. त्याला रोम्युलस म्हणावें अशीहि एक सूचना आली होती. पण पवित्र स्थानांस लावण्यांत येणारें हें विशेषण अधिक पसंत पडलें. पुढें ख्रिस्तपूर्व ८ मध्यें सेक्स्टिलिस महिन्यासहि तेंच नांव मिळालें.

शब्दाचें मूळ मात्र पदवीहून जुनें आहे. ‘वाढविणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूशीं त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो, आणि संस्कृत ‘ओजस्’ हा शब्दहि त्याच कुळांतला. म्हणजे ‘ऑगस्ट’ आणि ‘ओजस्वी’ हे दूरचे भाऊबंद ठरतात. ‘भव्य’ म्हटलें कीं डोळ्यांपुढें आकार येतो. ‘ओज’ म्हटलें कीं आंतील बळ आठवतें.

हा भेद पुण्याच्या उत्तरेस असलेल्या चाकणच्या संग्रामदुर्गावरून चांगला उमजेल. राजगडाप्रमाणें त्याला डोंगराचा आधार नाहीं. तो साधा भुईकोट. १६६० च्या जूनमध्यें शाइस्तेखानानें त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा तुटपुंज्या शिबंदीनिशीं, भर पावसाळ्यांत, पन्नासांहून अधिक दिवस झुंजला. ऑगस्टच्या मध्यास सुरुंगानें बुरूज उडाला, तरीहि शिबंदीनें खिंडारावर मोगलांस त्या दिवशीं रोखून धरलें. दुसऱ्या दिवशीं निरुपायानें किल्ला द्यावा लागला. पण खानानें देऊं केलेली चाकरी फिरंगोजीनें नाकारली. जिंकलेल्या ठाण्यास इस्लामाबाद असें नवें नांव देण्यांत आलें. सिनेटनें दिलेलें नांव दोन हजार वर्षें चाललें. हें मात्र लोकांच्या तोंडीं रुजलें नाहीं, चाकण तें चाकणच राहिलें.

आज चाकणच्या परिसरांत मोटारींचे विस्तीर्ण कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्या मानानें कोटाच्या उरल्यासुरल्या भिंती अगदींच लहान दिसतात. भव्य कोणास म्हणावें हें तेथें डोळे सांगतील. ‘ऑगस्ट’ हें विशेषण कोणास शोभतें, हें ठरविण्यास इतिहास ठाऊक असावा लागतो.