‘दुनियादारी’ पाहिली, ‘समांतर’ पाहिली. पण ते लिहिणाऱ्या सुशिंना ओळखता का?

मोबाईलवर ‘समांतर’चे भाग एका रात्रीत संपवणारे गावोगावी भेटतील. ‘दुनियादारी’तले दिग्या, श्रेयस आणि कट्टा गँग तर पोरांना तोंडपाठ आहेत. पण या दोन्ही गोष्टी मुळात एकाच माणसाने लिहिल्यात, आणि पडद्यावर आलेलं यातलं काहीच त्याला बघायला मिळालं नाही, हे किती जणांना माहीत आहे?

त्या लेखकाचं नाव सुहास शिरवळकर. वाचक त्यांना प्रेमाने ‘सुशि’ म्हणायचे, आजही म्हणतात. 11 जुलै हा त्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांच्याबद्दल जाणून घेऊया.

थोडक्यात ओळख

- जन्म : 15 नोव्हेंबर 1948
- निधन : 11 जुलै 2003, वयाच्या 54 व्या वर्षी
- कर्मभूमी : पुणे
- गाजलेले नायक : बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद
- पडद्यावर गाजलेल्या कादंबऱ्या : दुनियादारी, समांतर

रहस्यकथांचा तो काळ

टीव्ही घरोघरी नव्हता, तेव्हा करमणूक म्हणजे पुस्तक. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीत रहस्यकथांना सगळ्यात जास्त मागणी असायची. आधीच्या पिढीला बाबुराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ने वेड लावलं होतं. पुढे गुरुनाथ नाईकांच्या कथा आल्या. नारायण धारपांच्या भयकथा वाचून लोक रात्री दिवा मालवायला घाबरायचे. सुशि याच रांगेतले, पण वयाने तरुण. त्यामुळे कॉलेजच्या पोरापोरींना ते आपले वाटले.

ही पुस्तकं विकत घेणारे कमी आणि भाड्याने नेणारे जास्त. पुस्तक ठरल्या दिवशी परत द्यायचं, नाहीतर जादा पैसे. म्हणजे गोष्ट अशी पाहिजे की हातात घेतलं की संपल्याशिवाय ठेवता येणार नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहिलाच पाहिजे. आज वेब सिरीजचा प्रत्येक भाग ऐन मोक्यावर तोडतात, ती युक्ती या लेखकांना कितीतरी आधीपासून अवगत होती.

सुशिंचं वेगळेपण काय?

पहिली गोष्ट म्हणजे भाषा. त्यांची पात्रं पुस्तकी मराठी बोलत नाहीत. कट्ट्यावर चार मित्र जसे बोलतात, टोमणे मारतात, एकमेकांची खेचतात, तसंच ती बोलतात. पानंच्या पानं नुसत्या संवादावर पळतात आणि वाचक मागे पडत नाही.

दुसरी गोष्ट, ते एका साच्यात अडकले नाहीत. अमर विश्वास कोर्टात लढणारा, फिरोज इराणी गुप्तहेर, अशी निरनिराळी दुनिया त्यांनी उभी केली. रहस्यकथांवर पोट भरत असतानाच 1982 मध्ये त्यांनी ‘दुनियादारी’ दिली. त्यात खुनाचा तपास नाही की गुप्तहेर नाही. आहे ते पुण्यातलं कॉलेज, मैत्री, प्रेम, घरातली भांडणं आणि दारूच्या गुत्त्यावर बसलेला एम. के. श्रोत्री. ‘कोवळीक’, ‘कल्पांत’, ‘झूम’ ही पुस्तकंही अशीच वेगळ्या वाटेची.

तरीही ‘रहस्यकथावाला’ हा शिक्का काही पुसला गेला नाही. जो लेखक खूप खपतो, तो साहित्यिक कसला, असं मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. अशा लेखकांच्या वाट्याला मोठे पुरस्कार क्वचितच येतात. त्यांना जिवंत ठेवतो तो वाचकच.

गेल्यानंतर मिळालेलं यश

सुशि गेले 2003 च्या जुलैमध्ये. बरोबर दहा वर्षांनी, जुलै 2013 मध्ये संजय जाधव यांचा ‘दुनियादारी’ चित्रपट आला. स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी, सई ताम्हणकर, जितेंद्र जोशी यांच्या या चित्रपटाने थिएटरं भरवली. कादंबरीतल्या कथेत बदल केले म्हणून जुने वाचक नाराजही झाले. पण चित्रपट पाहून कितीतरी तरुण पहिल्यांदाच पुस्तकाकडे वळले.

2020 मध्ये ‘समांतर’ वेब सिरीज आली. कुमार महाजन नावाच्या माणसाला कळतं की आपलं आयुष्य दुसऱ्या एकाने आधीच जगून टाकलंय. त्या माणसाचं नाव सुदर्शन चक्रपाणी. मग कुमार त्याच्या शोधात निघतो. ही कल्पना इतकी दमदार निघाली की 2021 मध्ये दुसरा भागही आला.

पीडीएफ फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

सुशिंची पुस्तकं फुकट पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर फिरतात. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा सांगतो की लेखक गेल्यानंतरही 60 वर्षं पुस्तकाचा हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे सुशिंच्या पुस्तकांवर 2063 संपेपर्यंत हक्क आहे. फुकट फाईल पाठवणं कायद्यात बसत नाही. शिवाय पुस्तक खपलं नाही, तर प्रकाशक नवी आवृत्ती काढणार कशाला? मग पुस्तक बाजारातून गायब होतं आणि त्यामागोमाग लेखकाचं नावही.

मग वाचायचं कुठे?

विकत घेणं जमत नसेल तरी मार्ग आहे. राज्यात 1967 च्या कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक वाचनालयं अनेक गावांत आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात आणि त्यांना शासनाचं अनुदान मिळतं. गावच्या वाचनालयात सुशिंचं पुस्तक नसेल, तर ग्रंथपालाकडे मागणी नोंदवा. मागणीच नसेल तर पुस्तक येणार कुठून? तालुक्याचं वाचनालय किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं शासकीय ग्रंथालय इथेही चौकशी करता येईल.

सुरुवात कुठून करायची? चित्रपट आवडला असेल तर ‘दुनियादारी’ घ्या. पडद्यावर जे आलं नाही, ते पुस्तकात सापडेल. मात्र त्यात दारू आणि शिवराळ बोलणं आहे, त्यामुळे लहान मुलांच्या हाती देऊ नका. रहस्य हवं असेल तर ‘समांतर’, आणि कोर्टकचेरीची आवड असेल तर अमर विश्वासच्या कथा.

आणि पुढच्या वेळी एखादी सिरीज आवडली, तर पाट्या पुढे ढकलू नका. ‘मूळ कथा’ या शब्दांपुढे कुणाचं नाव आहे, तेवढं जरूर बघा.